कंपनीतर्फे परदेशी बदली: सही करण्याआधी काय विचारून घ्यावं?

उत्तरवारा

आयटीतल्या बऱ्याच जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून जवळपास एकच प्रश्न विचारला आहे: कंपनी दुसऱ्या देशातल्या शाखेत पाठवतेय, जावं का? प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा धागाच काढतो, म्हणजे इतरांचे अनुभवही एका जागी येतील.

माझं मत आधीच सांगतो. बदलीवर जाणारा माणूस तिकडे नवी नोकरी मिळवत नाही, असलेली नोकरी सोबत घेऊन जातो. तिथे राहायची परवानगी त्याला कंपनीशी असलेल्या नात्यामुळे मिळते. ते नातं तुटलं की पदवी आणि अनुभव कितीही असो, परवानगी संपते. म्हणून जे मागायचं ते असाइनमेंट लेटरवर (बदलीच्या अटींच्या पत्रावर) सही करण्याआधी मागा. तिकडे पोचल्यावर घासाघीस करायला तुमच्या हातात फारसं काही उरत नाही.

थोडी पार्श्वभूमी. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या अंतर्गत बदल्यांसाठी बहुतेक श्रीमंत देशांत वेगळा मार्ग असतो. अमेरिकेचा एल-१ व्हिसा हा १९७० पासूनचा. त्यात दोन प्रकार आहेत: व्यवस्थापक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी एल-१ए, कमाल ७ वर्षं, आणि कंपनीचं विशेष ज्ञान असलेल्यांसाठी एल-१बी, कमाल ५ वर्षं. जाण्याआधीच्या ३ वर्षांत किमान सलग १ वर्ष त्याच कंपनीत किंवा तिच्या संलग्न कंपनीत अमेरिकेबाहेर काम केलेलं असावं लागतं. एच-१बी (अमेरिकन मालकाकडे नोकरीसाठीचा नेहमीचा व्हिसा) सारखी वर्षाला ८५,००० ची मर्यादा नाही, लॉटरी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर जी १ लाख डॉलरची रक्कम लावली, तीही एल-१ ला लागू नाही. कंपन्यांना हा रस्ता का आवडतो ते यावरून कळेल.

युरोपीय संघाने २०१४ मध्ये याच विषयावर स्वतंत्र निर्देश काढला. व्यवस्थापक आणि तज्ज्ञांना ३ वर्षं, प्रशिक्षणार्थींना १ वर्ष. डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीत. त्या निर्देशातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथल्या तशाच पदावरच्या स्थानिक माणसापेक्षा बदलीवर आलेल्याचा पगार कमी असता कामा नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. अमेरिकेच्या एल-१ मध्ये अशी पगाराची अट नाही. ब्रिटनमध्ये जुना इंट्रा-कंपनी व्हिसा जाऊन एप्रिल २०२२ पासून ग्लोबल बिझनेस मोबिलिटी आला. जपानमध्ये कंपनीअंतर्गत बदलीचा वेगळा निवास-दर्जा आहे आणि तिथेही आधीच्या १ वर्षाच्या नोकरीची अट आहे.

व्हिसाचं नाव गुगलून नियम सापडतात. पण लेटरमध्ये काय लिहून घ्यायचं, हे कोणी सांगत नाही. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे प्रश्न असे: तिकडे माझा मालक कोण, इथली कंपनी की तिथली? पगार कुठे जमा होणार आणि कर कोण भरणार? मधेच ले-ऑफ झाला तर परतीचं तिकीट, सामान, घराचा भाडेकरार यांचं काय? परत आल्यावर कुठल्या पातळीवर येणार? आणि व्हिसाच्या अर्जात माझं पद नेमकं कोणत्या शब्दांत लिहिलं आहे?

हा शेवटचा प्रश्न लोक हमखास विसरतात आणि त्याची किंमत पाच-सहा वर्षांनी कळते. एक उदाहरण देतो. अमेरिकेत एल-१ए वाल्यांना ग्रीनकार्डसाठी ईबी-१सी हा रस्ता मिळू शकतो, त्यात लेबर सर्टिफिकेशनची (या कामाला स्थानिक माणूस मिळत नाही हे सिद्ध करण्याची) पायरी नाही. पण त्यासाठी अमेरिकेला जाण्याआधीचं परदेशातलं कामही व्यवस्थापकाचंच असावं लागतं. समजा, मायदेशी तुम्ही चांगल्या आठ जणांच्या टीमचे प्रमुख होतात, पण घाईत अर्ज 'तज्ज्ञ' म्हणून भरला गेला. तिकडे गेल्यावर तुम्ही मॅनेजर झालात तरी आधीचं कागदावरचं काम तज्ज्ञाचंच राहतं, आणि ईबी-१सी साठी ते सिद्ध करणं अतिशय जड जातं. अर्ज कंपनीचा असतो, वकील कंपनीचा असतो, तरी त्यातलं वर्णन तुमचं आहे. मसुदा मागा. वाचा. चूक असेल तर दुरुस्त करून घ्या.

अनुभव लिहा. देश, व्हिसाचा प्रकार आणि साधारण काळ लिहिलात तर इतरांना उपयोग होईल. कंपनीचं नाव नको.

---

रानफूल

धाग्याबद्दल धन्यवाद. मी बदलीवर गेलेल्याची बायको म्हणून लिहितेय, कारण या चर्चांमध्ये आम्ही 'डिपेंडंट' या एका शब्दात संपतो.

नोकरी सोडून जोडीदारामागे जायचं असेल तर पहिला प्रश्न हा विचारा: मला तिथे काम करता येईल का, आणि कधीपासून? उत्तर देशागणिक पार बदलतं. अमेरिकेत एल-२ (एल-१ वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) जोडीदाराला २००२ पासून काम करता येतं, पण कित्येक वर्षं त्यासाठी वेगळं कार्ड काढावं लागे आणि ते येईपर्यंत महिनोन् महिने घरी बसावं लागे. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका खटल्यात तडजोड झाली आणि आता एल-२एस अशी नोंद असलेला आय-९४ (देशात प्रवेश केल्याची सरकारी नोंद) हाच कामाचा पुरावा धरला जातो. विमानतळावरून बाहेर पडलात की त्या नोंदीत 'एस' आहे ना, ते त्याच दिवशी ऑनलाइन बघा. ब्रिटनमध्ये जोडीदार जवळपास कोणतीही नोकरी करू शकतो. युरोपीय निर्देशातही कुटुंबीयांना कामाचा हक्क आहे. जपानमध्ये मात्र डिपेंडंटला परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं. कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराच्या ओपन परमिटला (कोणत्याही मालकाकडे काम करायच्या परवान्याला) कात्री लावली. मुख्य माणसाचं काम ठरावीक वरच्या श्रेणीतलं हवं आणि त्याच्या परमिटचे किमान १६ महिने शिल्लक हवेत. म्हणजे मुदत संपत आलेल्या परमिटवर मागाहून जायचा बेत असेल तर तारखा आधी मोजा.

दुसरं. बदलीच्या बोलण्यात जोडीदाराच्या करिअरसाठी काहीतरी मागता येतं, हे बहुतेकांना माहीतच नसतं. काही कंपन्या भाषेचे वर्ग, बायोडेटा बनवायला मदत, व्यावसायिक परवान्याचं शुल्क देतात. लेटरमध्ये नसेल तर मिळत नाही, आणि मागितल्याशिवाय कोणी लेटरमध्ये घालत नाही. मी मागितलं, मिळालं.

---

कातळ

मूळ धाग्यात एल-१बी एका वाक्यात उरकला आहे, तो जरा सविस्तर लिहितो. या रस्त्याने जाणारे आपल्यात सर्वाधिक आहेत.

'विशेष ज्ञान' म्हणजे तुम्ही हुशार आहात किंवा एखादी भाषा उत्तम येते असं नव्हे. जावा किंवा पायथन येणारे लाखो आहेत. ज्ञान कंपनीचं असावं लागतं: तिचं उत्पादन, सेवा, तंत्र, अंतर्गत पद्धती यांचं, आणि ते त्याच क्षेत्रातल्या इतरांकडे सहसा नसणारं किंवा कंपनीतल्याच इतरांपेक्षा बरंच पुढचं. २०१५ च्या ऑगस्टअखेर लागू झालेल्या धोरण-टिपणाने एक चांगलं केलं. हे ज्ञान फक्त तुमच्या कंपनीतच अस्तित्वात असलं पाहिजे किंवा मोजक्याच लोकांकडे असलं पाहिजे, असा हट्ट नाही, हे त्यात स्पष्ट झालं. पण सिद्ध करण्याचा भार कंपनीवरच आहे.

त्यामुळे मुलाखतीत 'मी काय करतो' पेक्षा 'हे दुसऱ्याला शिकवायला किती काळ लागेल आणि का' याचं उत्तर तयार ठेवा. कोणतं टूल, ते कोणी बनवलं, त्यातला कोणता भाग तुम्ही लिहिला, तुमच्या जागी बाजारातून माणूस घेतला तर काम कुठे अडेल. ब्लँकेटखाली (कंपनीने सगळ्या बदल्यांसाठी आधीच घेतलेल्या एकत्रित मंजुरीखाली) गेलात तर वाणिज्य दूतावासातला अधिकारी हे सगळं काही मिनिटांत ठरवतो. त्याला पटलं नाही तरी सगळं संपत नाही. कंपनी तुमच्या नावाने स्वतंत्र पिटिशन (अर्ज) थेट अमेरिकेत दाखल करू शकते. हे एचआरला माहीत असतं, पण त्यात वेळ आणि पैसा जातो म्हणून पुष्कळदा ते आपणहून सुचवत नाहीत.

आता सगळ्यात नाजूक भाग: क्लायंटच्या ऑफिसात बसणं. २००४ च्या एल-१ सुधारणा कायद्याने यावर स्पष्ट बंधन घातलं. एल-१बी माणूस मुख्यतः दुसऱ्याच कंपनीच्या जागेत बसत असेल आणि त्याच्यावर देखरेखही तीच कंपनी करत असेल, किंवा त्याला तिथे नुसतं मनुष्यबळ म्हणून पुरवलं असेल, तर तो व्हिसा बसत नाही. सेवा-क्षेत्रातल्या कंपन्यांत असाल तर विचाराच: माझं रोजचं काम कोण ठरवणार, मूल्यमापन कोण करणार, मी कुठे बसणार? तिथे गेल्यावर प्रोजेक्ट बदललं आणि जागाही बदलली, तर सुधारित अर्ज लागतो का, हे कंपनीच्या वकिलाकडून ईमेलवर लेखी घ्या. तोंडी 'काही होत नाही' चालत नाही, कारण पुढच्या मुदतवाढीत किंवा परत प्रवेश करताना उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

---

चौकस

वाचनखूण साठवली. एक शंका: एल-१बी वर असताना बढती मिळून मॅनेजर झालो तर ७ वर्षं मिळतात का?

---

कातळ

@चौकस, मिळू शकतात, पण आपोआप नाही. बदललेल्या पदासाठी कंपनीने अर्ज करून तो मंजूर करून घ्यायला हवा आणि ५ वर्षांची मर्यादा गाठण्याआधी किमान ६ महिने तुम्ही त्या व्यवस्थापकीय पदावर काम केलेलं हवं. साडेचार वर्षं उलटल्यावर जाग आली तर उपयोग नाही. आणि एच-१बी वर जायचा विचार असेल तर एल-१ वर घालवलेला काळ त्याच्या ६ वर्षांत मोजला जातो, हेही लक्षात ठेवा. अमेरिकेबाहेर राहिलेले दिवस मात्र परत मिळवता येतात, तेव्हा बोर्डिंग पास आणि शिक्के जपून ठेवा.

---

जमाखर्च

पैशाची बाजू लिहितो. मी परदेशी बदल्यांच्या पगाराचंच काम करतो. सगळ्यांना पाठ असलेलं एक वाक्य आधी खोडतो: '१८३ दिवसांच्या आत असेल तर तिकडे कर लागत नाही.'

हे वाक्य अर्धवट आहे. दोन देशांमधल्या करविषयक करारांचा जो ओईसीडी (श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) नमुना आहे, त्याच्या १५व्या कलमात तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. एक, तिकडचा मुक्काम १२ महिन्यांत १८३ दिवसांपेक्षा जास्त नको. दोन, पगार देणारा मालक त्या देशातला रहिवासी नको. तीन, पगाराचा बोजा मालकाच्या त्या देशातल्या कायमस्वरूपी आस्थापनेवर (शाखा, ऑफिस वगैरे) पडायला नको. कंपनीअंतर्गत बदलीत गोची होते ती दुसऱ्या अटीत. पगार मायदेशी जमा होतो, पण तिकडची शाखा काम करून घेते आणि खर्चही तिच्याच खात्यात टाकला जातो. अशा वेळी बरेच देश तिकडच्या शाखेलाच खरा मालक मानतात आणि कर पहिल्या दिवसापासून लागतो. त्यामुळे चार महिन्यांच्या 'छोट्या' असाइनमेंटसाठीही विचारा: माझा खर्च कोणत्या शाखेच्या नावावर पडणार?

मोठ्या कंपन्या 'टॅक्स इक्वलायझेशन' देतात. म्हणजे तुम्ही मायदेशी राहिला असतात तर जेवढा कर भरला असता, तेवढा काल्पनिक कर पगारातून कापतात आणि दोन्ही देशांतला खरा कर कंपनी भरते. चांगली सोय आहे. मात्र तीन गोष्टी समजून घ्या. कराचा परतावा आला तर तो सहसा कंपनीचा असतो, तुमचा नव्हे. हिशेब वर्ष संपल्यावर होतो, म्हणजे मधे नोकरी सोडलीत तरी नंतर कंपनीकडून वसुलीचं पत्र येऊ शकतं. आणि बोनस, शेअर, घरभाड्याचं उत्पन्न, जोडीदाराचा पगार यातलं काय या योजनेत आहे आणि काय नाही, हे धोरणाच्या कागदात लिहिलेलं असतं. तो कागद मागा. कंपनी देते ते घर, शाळेची फी, मायदेशाच्या तिकिटांचा खर्च हे बऱ्याच देशांत उत्पन्न धरलं जातं. त्यावरचा कर कंपनी उचलणार का, हाही प्रश्न त्याच यादीत घाला.

आरएसयू (कंपनी पगाराचा भाग म्हणून देते ते शेअर) वाल्यांनी विशेष काळजी घ्यावी. शेअर मायदेशी असताना देऊ केले गेले (ग्रँट) आणि प्रत्यक्ष तुमच्या मालकीचे (व्हेस्ट) तिकडे झाले, तर साधारणपणे ग्रँट ते व्हेस्ट या काळात कुठे किती कामाचे दिवस गेले त्या प्रमाणात उत्पन्न वाटलं जातं आणि दोन्ही देश आपापला भाग मागतात. उलटंही तसंच. परत आल्यावर व्हेस्ट झालेल्या शेअरवर आधीच्या देशाचा हक्क राहू शकतो. ग्रँटची तारीख, व्हेस्टिंगची तारीख आणि त्या काळातले प्रवासाचे दिवस यांचा एक तक्ता स्वतःकडे ठेवा. कंपनीची पेरोल यंत्रणा यात सर्रास चुकते.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. करदृष्ट्या रहिवासी झालात की जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं. परदेशी खात्यांतली एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार (परदेशी खात्यांचं विवरण) भरावा लागतो, मग त्यावर व्याज मिळालेलं असो वा नसो. आई-वडिलांसोबतचं जॉइंट खातंही धरा. आणि मायदेशातले म्युच्युअल फंड तिकडच्या कायद्यात पीएफआयसी (परदेशी गुंतवणूक कंपनी) म्हणून मोजले जातात. त्यांचा कर जबर आणि फॉर्म किचकट आहे. जाण्याआधी, म्हणजे तिकडचे रहिवासी होण्याआधी, या गुंतवणुकीचं काय करायचं ते करसल्लागारासोबत बसून ठरवा. नंतर केलेली विक्री आणि आधी केलेली विक्री यात फार मोठा फरक पडतो.

शेवटचं, निवृत्तिवेतन. दोन देशांत सामाजिक सुरक्षा करार असेल तर बदलीवर गेलेला माणूस ठरावीक काळ मायदेशीच वर्गणी भरतो. त्यासाठी मायदेशातून कव्हरेजचं प्रमाणपत्र घेऊन जावं लागतं. भारताचे असे करार जर्मनी, नेदरलँड्स, जपान, ऑस्ट्रेलिया यांच्याशी आहेत, अमेरिकेशी नाही. अमेरिकेने असा पहिला करार इटलीशी केला, तो १९७८ पासून लागू आहे, आणि आज तिचे सुमारे ३० देशांशी करार आहेत. करार नसलेल्या देशातून गेलात तर पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतनाची वर्गणी) आणि १.४५ टक्के मेडिकेअर (ज्येष्ठांच्या आरोग्यविम्याची वर्गणी) जातंच. निवृत्तिवेतन मिळायला मात्र ४० क्रेडिट लागतात आणि वर्षाला कमाल ४ मिळतात, म्हणजे किमान १० वर्षं काम. एल-१बी ची कमाल मुदत ५ वर्षं. हे कापलेले पैसे परत मागता येत नाहीत. पॅकेज ठरवताना ही रक्कम धरून बोला. मला हे अन्यायाचं वाटतं, पण करार होईपर्यंत तरी पगारात भरपाई मागणं एवढंच आपल्या हातात आहे.

---

लांबचा प्रवासी

माहिती उत्तम, पण सूर फार सावध वाटला म्हणून दुसरी बाजू लिहितो. अंतर्गत बदली हा परदेशी जाण्याचा सर्वात सुरक्षित मार्ग आहे. लॉटरी नाही. अनोळखी मालक नाही. कामाची पद्धत ओळखीची, टूल ओळखीची, टीममधल्या निम्म्या लोकांशी रोज व्हिडिओवर बोलणं झालेलं. पहिल्याच आठवड्यापासून तुम्ही उपयोगी असता. सामान हलवणं, सुरुवातीचं घर, मुलांची शाळा यांत कंपनीची मदत मिळते. एकट्याने नवीन नोकरी शोधून जाणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही.

आणि तांत्रिक माणसासाठी याहून मोठा फायदा आहे. मुख्यालयात किंवा उत्पादन जिथे ठरतं तिथे बसलं की निर्णय कसे होतात ते दिसतं. दूरच्या शाखेत आपल्याकडे ठरलेली कामं येतात. मुख्यालयात 'हे करूच नये' असं म्हणायची संधी मिळते. माझ्या कामाची जात त्यानंतर बदलली आणि परत आल्यावरही तशीच राहिली.

---

उत्तरवारा

@लांबचा प्रवासी, फायद्यांबद्दल पूर्ण सहमत, आणि जाऊ नका असं माझं म्हणणं नाहीच. पण 'सुरक्षित' हा शब्द मला खटकला. कंपनीचं बरं चाललं आहे तोवर ते खरं आहे. एच-१बी वाला दुसऱ्या मालकाकडे जाऊ शकतो, त्याच्यासाठी नवा मालक अर्ज करतो. एल-१ वाल्याला ती सोय नाही. त्याला मालक बदलायचा तर व्हिसाचा प्रकारच बदलावा लागतो, आणि मग लॉटरी पुन्हा समोर येते.

---

सांजवेळ

ले-ऑफबद्दल मीच लिहिते, कारण आमच्या टीममध्ये ते झालं. बदलीवर आलेल्या आमच्यातल्या काहींना एका सकाळी कॉलवर सांगितलं गेलं. कंपनीचं नाव घेत नाही.

अमेरिकेत जानेवारी २०१७ पासूनच्या नियमानुसार नोकरी गेल्यावर कमाल ६० दिवस मिळतात, किंवा आय-९४ ची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. त्या काळात काम करता येत नाही. ब्रिटनमध्येही सहसा ६० दिवसच हातात राहतात. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून प्रायोजित कामगारांना एका वेळी १८० दिवस आणि व्हिसाच्या मुदतीत एकूण ३६५ दिवस दिले आहेत, आणि त्या काळात दुसरीकडे कामही करता येतं. दोन देशांच्या वागण्यात केवढा फरक आहे बघा. ६० दिवसांत घर रिकामं करणं, गाडी विकणं, मुलांचं शाळेचं वर्ष मधेच तोडणं, आणि त्यातच नोकरीच्या मुलाखती. ज्यांचं लेटर नीट होतं त्यांना मायदेशातल्या शाखेत पुन्हा रुजू करून घेतलं. ज्यांनी तिकडे गेल्यावर 'लोकलाइझ' होण्याच्या (तिथल्या शाखेचा कर्मचारी होण्याच्या) कागदावर सही केली होती, त्यांचा मायदेशातला करार तेव्हाच संपलेला होता. त्यांना परतण्यासाठी जागाच नव्हती.

माझी कळकळीची विनंती आहे. लोकल करार समोर आला की पगाराचा आकडा बघून सही करू नका. जुना करार निलंबित होतोय की संपतोय, हे एक वाक्य शोधा. जुनी सेवा-वर्षं मोजली जाणार का, नोटिशीचा काळ कोणत्या देशाच्या कायद्याने, आणि कंपनीने काढलं तर परतीचा सगळा खर्च कोणाचा, हे त्याच कागदावर लिहून घ्या. नोटिशीचा काळ लांबवून त्यात नावापुरतं पेरोलवर ठेवता येईल का, हेही तेव्हाच विचारता येतं. इमिग्रेशनच्या दृष्टीने ते चालेल का, हे मात्र स्वतःच्या वकिलाला विचारा, कंपनीच्या नाही.

---

चौकस

एक वेगळा मुद्दा. आपल्यासारख्यांना नेऊन तिकडच्या लोकांच्या नोकऱ्या आणि पगार पाडले जातात, असा आरोप होतो. त्यात तथ्य आहे का?

---

कातळ

आहे, काही ठिकाणी, आणि ते मान्य करायला आपण कचरू नये. २०१४ मध्ये अमेरिकेच्या श्रम खात्याने कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं एक प्रकरण उघड केलं. तिथल्या एका तंत्रज्ञान कंपनीने बंगळुरूच्या शाखेतले आठ जण संगणक-यंत्रणा बसवायला आणले होते. त्यांना पगार मायदेशातलाच, रुपयांत चालू ठेवला. तासाला १.२१ डॉलर पडत होते आणि काम आठवड्याला १२० तासांच्या आसपास जाई. कंपनीला ४०,००० डॉलरहून जास्त थकबाकी द्यावी लागली. लक्षात घ्या, व्हिसात पगाराची अट नसली तरी किमान वेतनाचा आणि ओव्हरटाइमचा कायदा त्या मातीवर काम करणाऱ्या परदेशी माणसालाही लागू होतो. हे जाणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही.

म्हणून मला युरोपीय निर्देशातली समान पगाराची अट योग्य वाटते. ती स्थानिक माणसाचं रक्षण करते आणि आपलंही. शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या निम्म्या पगारात काम करणं आपल्याही हिताचं नाही. आणि जिथे ज्याच्याकडून काम शिकून घ्यायचं त्याचीच नोकरी जाणार असते, तिथे गेलेल्या माणसाने निदान त्याच्याशी माणुसकीने वागावं. निर्णय आपला नसतो, पण त्याच्यासमोर आपण बसलेलो असतो.

---

पहाटपाखरू

माझं प्रत्यक्ष प्रकरण मांडते. ब्रिटनच्या शाखेत बदली ठरतेय. कंपनी ग्लोबल बिझनेस मोबिलिटीखाली 'सीनियर ऑर स्पेशलिस्ट वर्कर' म्हणून पाठवतो म्हणते. आम्हाला तिथे दीर्घकाळ राहायचं आहे. चालेल ना?

---

लांबचा प्रवासी

थांबा, हो म्हणू नका. या मार्गावरून स्थायिक होता येत नाही. कमाल मुक्काम सहसा ६ वर्षांतली ५ वर्षं, आणि पगार ७३,९०० पाउंडांच्या वर असेल तर १० वर्षांतली ९. नंतर स्किल्ड वर्करवर (ब्रिटनच्या नेहमीच्या कुशल कामगार व्हिसावर) जाता येतं, पण सेटलमेंटच्या (कायमच्या निवासाच्या) ५ वर्षांचं घड्याळ तिथून नव्याने सुरू होतं. त्यात मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ५ ची १० वर्षं करण्याचा प्रस्ताव आला, म्हणजे प्रत्येक वाया गेलेलं वर्ष महागात पडू शकतं. तुमचं पद स्किल्ड वर्करमध्ये बसत असेल तर पहिल्या दिवसापासून त्याचाच आग्रह धरा.

कंपनीला बदलीचा मार्ग का हवा असतो तेही सांगतो. जुलै २०२५ पासून त्यात किमान पगार ५२,५०० पाउंड आहे, स्किल्ड वर्करच्या सर्वसाधारण ४१,७०० पेक्षा जास्त. पण त्यात हमी दिलेले भत्ते धरता येतात, इंग्रजीची परीक्षा नाही आणि माणूस कंपनीला बांधलेला राहतो. स्किल्ड वर्करला पगार भत्त्यांशिवाय भरावा लागतो आणि इंग्रजी सिद्ध करावं लागतं. इथे फायदे-तोटे कंपनीचे वेगळे आणि तुमचे वेगळे आहेत.

---

रानफूल

+१. आणि ब्रिटनच्या व्हिसासोबत सरकारी आरोग्यसेवेसाठी भरावा लागणारा आरोग्य अधिभार माणशी वर्षाला १,०३५ पाउंड, मुलांना थोडा कमी, तोही संपूर्ण मुदतीचा आगाऊ. चौघांच्या कुटुंबाला तो आकडा मोठा होतो. कुटुंबाचाही कंपनी भरणार ना, ते विचारा. नुसता कर्मचाऱ्याचा भरणाऱ्या कंपन्या आहेत.

---

उत्तरवारा

जपानला जाणाऱ्यांसाठी याच धर्तीवर एक सूचना. कंपनीअंतर्गत बदलीच्या दर्जाऐवजी 'उच्च कुशल व्यावसायिक' या दर्जाचे ७० गुण भरतात का ते पाहा. शिक्षण, अनुभव, पगार, वय, जपानी भाषा यांचे गुण असतात. ७० गुणांवर ३ वर्षांत आणि ८० वर १ वर्षात कायमच्या निवासासाठी अर्ज करता येतो. शिवाय जोडीदाराच्या कामावरची २८ तासांची अडचणही त्या दर्जात बरीच सैल होते. पात्र असूनही साध्या दर्जावर वर्षानुवर्षं राहिलेली माणसं मी पाहिली आहेत, केवळ एचआरच्या यादीत तो पर्याय नव्हता म्हणून.

---

पहाटपाखरू

सगळ्यांचे मनापासून आभार. इथलं वाचून मोबिलिटी टीमला लिहिलं. थोडी चर्चा झाली आणि त्यांनी स्किल्ड वर्करसाठी होकार दिला. मूळ पगारही त्यासाठी वाढवून दिला. कुटुंबाचा आरोग्य अधिभारही भरणार आहेत.

पण नवीन लेटरमध्ये एक कलम आलं आहे: २ वर्षांच्या आत नोकरी सोडली तर 'बदलीवर झालेला सर्व खर्च' परत करायचा. हे नेहमीचं असतं का?

---

जमाखर्च

कलम नेहमीचं आहे, पण भाषा फार ढगळ आहे. चार दुरुस्त्या मागा. पहिली, रक्कम दर महिन्याला घटत जावी. तेविसाव्या महिन्यात सोडलं तर पूर्ण रक्कम मागणं अवाजवी आहे. दुसरी, कंपनीने काढलं किंवा पद रद्द केलं तर वसुली नाही, असं स्पष्ट वाक्य हवं. तिसरी, 'सर्व खर्च' ऐवजी खर्चांची यादी आणि कमाल आकडा. चौथी तुमच्या देशापुरती: स्किल्ड वर्करच्या बाबतीत इमिग्रेशन स्किल्स चार्ज (परदेशी माणूस घेण्यासाठी कंपनीने सरकारला द्यायचं शुल्क) कंपनीला कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही, आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून स्पॉन्सरशिप प्रमाणपत्राचं आणि स्पॉन्सर लायसन्सचं शुल्कही नाही. ही तिन्ही शुल्कं वगळल्याचं कलमातच लिहून मागा. व्हिसा फी आणि आरोग्य अधिभार यांची वसुली कायद्याने अडत नाही, म्हणून त्या बोलून ठरवाव्या लागतील.

---

सांजवेळ

आणि मायदेशातला करार 'निलंबित' की 'समाप्त' ते त्याच ईमेलमध्ये विचारून टाका. स्किल्ड वर्करवर बहुधा लोकल करारच देतील.

---

पहाटपाखरू

बघितलं, 'समाप्त' लिहिलं आहे. सेवा-वर्षं पुढे धरावीत आणि पहिल्या २ वर्षांत कंपनीने काढलं तर परतीचा खर्च द्यावा, हे दोन्ही मुद्दे जमाखर्च यांच्या चार दुरुस्त्यांसोबत आजच पाठवते. उत्तर आलं की इथे लिहीन.